तळपायाची चामखीळ : ओळख आणि घरगुती उपचार

वसतिगृहाच्या आरोग्य-नोंदवहीत सर्वांत जास्त नोंदी कशाच्या असतात, असे कोणी विचारले तर ताप, खोकला, खरूज आणि पोटदुखी अशी उत्तरे येतील, आणि ती बरोबरच आहेत. परंतु मुले मनातच ठेवतात आणि नोंदवहीपर्यंत कधी येऊ देत नाहीत, अशाही काही तक्रारी असतात. तळपायाचे दुखणे ही त्यांपैकी एक होय. पायाला काय झाले, असे विचारले की मूल "काही नाही सर, काटा रुतलाय" एवढे सांगून पाय आखडून घेते आणि पावलाच्या कडेवर भार देत चालत राहते. या लेखात विचार करावयाचा आहे तो या न सापडणाऱ्या काट्याचा.

काही वर्षांपूर्वी आमच्या वसतिगृहातील आठवीचा एक विद्यार्थी असाच चालू लागला होता. तो धावण्याच्या चमूतला. तालुका पातळीवरील स्पर्धा महिन्याभरावर आलेल्या. उजव्या पावलाच्या चवड्याखाली ज्वारीच्या दाण्याएवढा टणक, खरखरीत भाग होता आणि त्यात काळे ठिपके दिसत होते. काटा आत मोडून राहिला, त्याचे कुरूप झाले, असे मी ठरवून टाकले. खोलीतील मुलांनी आधीच एका ब्लेडने तो भाग दोनदा कोरला होता. मग एका अनुभवी गृहस्थांच्या सांगण्यावरून त्यावर बिब्बा तापवून लावण्यास मीच संमती दिली. दुसऱ्या दिवशी पावलावर मोठा फोड आला, पुढे त्याची जखम झाली. स्पर्धेच्या दिवशी तो मुलगा मैदानाच्या कडेला बसून इतरांची धाव पाहत होता. जखम भरल्यावर पाहतो तो जुन्या दाण्याच्या भोवती पाच-सहा नवे दाणे, आणि ते ब्लेड वापरलेल्या आणखी दोघांच्या पायांवर तशीच खूण. जिल्ह्याच्या ठिकाणी त्वचारोगतज्ज्ञांनी पाहून सांगितले की येथे काटा कधी नव्हताच. ही चामखीळ आहे. त्या मुलाचे स्पर्धेचे वर्ष माझ्या अज्ञानाने गेले, म्हणून हा विषय मी नंतर थोडा नीट अभ्यासला. त्यातील जे घरी व वसतिगृहात उपयोगी पडेल ते येथे मांडतो.

आरंभ शब्दांपासून करावा लागेल, कारण चुकीची सुरुवात तेथेच होते. तळपायावर काहीही टणक झाले की आपण त्याला कुरूप किंवा भोवरी म्हणतो. चामखीळ हा शब्द मात्र मान, हात, चेहरा येथील उंचवट्यासाठी राखून ठेवतो. चामखीळ तळपायालाही होते हेच पुष्कळांच्या गावी नसते. सुश्रुतसंहितेत पायाच्या कुरुपाला 'कदर' असे नाव असून खडा बोचणे, काटा लागणे ही त्याची कारणे सांगितली आहेत. ते काढून त्या जागी डाग देण्याचा उपचारही तेथे आहे. म्हणजे काट्याची कल्पना आणि चटक्याची रीत या दोन्ही आपल्याकडे फार जुन्या आहेत. त्याच परंपरेतील 'चर्मकील' या शब्दापासून आपली 'चामखीळ' आली. कील म्हणजे खिळा. शब्द चित्रमय आहे. पण त्याने एक गैरसमजही रुजवला आहे, तो असा की ही वस्तू खिळ्यासारखी आत ठोकलेली असून तिचे मूळ हाडापर्यंत गेलेले असते, आणि ते उपटल्याखेरीज सुटका नाही.

वस्तुस्थिती निराळी आहे. चामखीळ हा विषाणूचा संसर्ग आहे. १९०७ साली ज्युसेप्पे चुफ्फो या इटालियन वैद्यकाने चामखिळीचा अर्क पेशी व जिवाणू अडकून राहतील अशा गाळणीतून गाळून घेतला आणि त्या गाळलेल्या द्रवानेही चामखीळ उत्पन्न होते हे दाखवून दिले. या विषाणूला आज मानवी पॅपिलोमा विषाणू असे म्हणतात. त्याचे शंभराहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. त्यांतील मोजकेच तळपायावर आढळतात. कातडीला भेग, ओरखडा किंवा पाण्याने आलेला भिजकेपणा असेल तर हा विषाणू आत शिरतो आणि बाह्यत्वचेच्या पेशींत वाढू लागतो. शिरकाव झाल्यापासून दाणा दिसेपर्यंत काही आठवडे, कधी कधी कित्येक महिने जातात. त्यामुळे "हे कोठून आले" याचा छडा बहुधा लागत नाही.

हा विषाणू बाह्यत्वचेच्या पलीकडे जात नाही. मांस, रक्त, हाड यांच्याशी त्याचा संबंध नाही. हातावरील चामखीळ बाहेर वाढते. तळपायावरील चामखिळीवर मात्र सगळ्या शरीराचा भार पडत असल्याने ती आत दबली जाते आणि वर जाड कातडीचा थर चढतो. ती खोल वाटते ती यामुळे. मूळ म्हणून जे काही ब्लेडने शोधले जाते ते तेथे नसतेच. काळे ठिपके हे काट्याचे टोक नव्हे. चामखिळीत वाढलेल्या सूक्ष्म केशवाहिन्यांत रक्त गोठून ते ठिपके झालेले असतात.

मग कुरूप आणि चामखीळ वेगळी कशी ओळखावी? पाय कोमट पाण्यात भिजवून, पुसून, चांगल्या उजेडात पाहावे. बोटांच्या ठशाप्रमाणे तळपायावरही बारीक समांतर रेषा असतात. कुरुपात त्या रेषा कडक भागावरूनही पुढे गेलेल्या दिसतात. चामखिळीत त्या काठाशी तुटतात आणि तिला वळसा घालून जातात. ही खूण मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण ती पाहण्यासाठी काही कापावे लागत नाही. दुसरी खूण दाबण्याची. कुरूप सरळ वरून दाबले की दुखते. चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की अधिक दुखते. काळे ठिपके असले तर चामखिळीचा पक्ष बळकट होतो, मात्र ते नसले म्हणून चामखीळ नाही असे म्हणता येत नाही. वयाचाही विचार करावा. कुरूप प्रामुख्याने घट्ट पादत्राणे वापरणाऱ्या किंवा हाडाचा उंचवटा असलेल्या प्रौढांना होते. शाळकरी वयाच्या मुलाच्या तळपायावर टणक दाणा दिसला तर प्रथम चामखिळीची शंका घ्यावी. आणि खरोखरच काटा मोडला असेल तर मुलाला तो केव्हा व कोठे लागला हे बहुधा आठवते.

उपचाराकडे वळण्यापूर्वी या रोगाचा स्वाभाविक क्रम समजून घेणे आवश्यक आहे, कारण सगळ्या गोंधळाची किल्ली त्यात आहे. १९६३ साली एका अमेरिकन त्वचारोग-नियतकालिकात निवासी संस्थेत राहणाऱ्या सुमारे एक हजार मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चामखिळींवर उपचार न करता त्यांच्याकडे दोन वर्षे लक्ष ठेवले गेले. त्या काळात सुमारे दोन तृतीयांश चामखिळी आपोआप नाहीशा झाल्या. शरीराच्या प्रतिकारशक्तीला विषाणूची ओळख पटली की ती त्यास हाकलून लावते; फक्त ही ओळख पटण्यास वेळ लागतो.

आता असे पाहा. एका मुलाला चामखीळ झाली. आजीने रुईचा चीक लावला, गुण आला नाही. शेजाऱ्याने चुना व पापडखार सांगितला, गुण आला नाही. शेवटी कोणी उदबत्तीचा चटका दिला आणि पंधरा दिवसांत चामखीळ गेली. श्रेय कोणाला मिळणार? उदबत्तीला. ती चामखीळ त्या पंधरवड्यात जाणारच होती, हे सिद्ध करण्याचे साधन त्या घरापाशी नसते. जो उपाय शेवटी केला तो रामबाण ठरतो, आणि पुढच्या पिढीला तोच सांगितला जातो. हातावरील चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधण्याची चालही अशीच टिकून राहिली असावी. केसाने फारसे नुकसान होत नाही. इतर उपायांबाबत तसे म्हणता येत नाही. बिब्ब्याचे तेल म्हणजे पूर्वी परीट कपड्यांवर न पुसली जाणारी खूण करीत ते. ते कातडीवर फोड, सूज आणि कधी अंगभर खाज उठवते. चुना आणि पापडखार यांचे मिश्रण कातडी जाळते आणि किती खोल जाळायचे हे त्याला कळत नाही. रुईचा चीक लावताना बोट डोळ्याला लागले तर बुबुळाला इजा होते. तळपायावर भाजल्याचा व्रण राहिला तर तो प्रत्येक पावलाला बोचत राहतो. चामखीळ गेल्यावरही तो राहतो. ब्लेडचा धोका तर दुहेरी आहे. एकच ब्लेड अनेकांनी वापरल्यास चामखिळीचा विषाणू पसरतोच, शिवाय रक्तावाटे काविळीसारखे गंभीर आजार पसरण्याचीही भीती असते.

काहीच न करणे हाही एक उपचार आहे, आणि दुखत नसेल तर तो उत्तम आहे. लहान, न दुखणारी चामखीळ झाकून ठेवावी आणि वाट पाहावी. परंतु चालताना दुखते, वाढत चालली आहे, किंवा खेळाडू मुलगा आहे, अशा वेळी घरच्या घरी करता येण्याजोगा, पुराव्याचा आधार असलेला उपाय म्हणजे सॅलिसिलिक आम्ल होय. ते औषधाच्या दुकानात दोन रूपांत मिळते. एक, सुमारे १७ टक्के आम्ल असलेला चिकट द्रव, ज्यात बहुधा लॅक्टिक आम्लही असते. दुसरे, ४० टक्क्यांची औषधी पट्टी, जिला दुकानदार कॉर्नकॅप म्हणून ओळखतात. हे आम्ल विषाणूला थेट मारत नाही. ते जाड कातडीचे थर एकमेकांपासून सुटे करते, विषाणू असलेला थर रोज थोडा थोडा झडतो, आणि जी सौम्य जळजळ होते तिने शरीराची प्रतिकारशक्तीही जागी होत असावी असे मानले जाते.

पद्धत सोपी आहे, पण ती रोज पाळावी लागते. रात्री झोपण्यापूर्वीची वेळ सोयीची. पाय पाच ते दहा मिनिटे कोमट पाण्यात बुडवून ठेवावा. कातडी मऊ झाली की वरचा पांढरा, मेलेला थर काचकागदाच्या तुकड्याने किंवा नखे घासण्याच्या कागदी कानशीने हलकेच घासावा. दुखू लागले किंवा रक्ताचा ठिपका दिसला की थांबावे. काचकागदाचा तुकडा लगेच टाकून द्यावा. घरातली सर्वांची वजरी यासाठी कधीही वापरू नये, नाहीतर उपचार एकाचा आणि प्रसार साऱ्या घरात असे होईल. पाय पूर्ण कोरडा पुसावा. चामखिळीभोवतीच्या निरोगी कातडीवर व्हॅसलीनचे पातळ कडे करावे, म्हणजे औषध तेथे लागत नाही. मग औषधाचा एकच थेंब नेमका चामखिळीवर ठेवावा, वाळू द्यावा आणि वर चिकटपट्टी लावावी. कॉर्नकॅप असेल तर औषधी भाग चामखिळीच्या मापाचा कापून घ्यावा आणि वेष्टनावर सांगितले असेल तितकेच दिवस ठेवावा. हात साबणाने धुवावेत. द्रवरूप औषध चटकन पेट घेते. दिवा, चूल, उदबत्ती यांच्याजवळ बाटली उघडू नये. वीज गेली असता मेणबत्तीच्या उजेडात हे काम करू नये, एवढे विशेष लक्षात ठेवावे. लहान वर्गातील मुलांच्या पायाला औषध मोठ्या माणसानेच लावावे.

चार-पाच दिवसांत जागा पांढरी व मऊ पडते. ते अपेक्षितच आहे. जागा लाल होऊन झोंबू लागली तर दोन-तीन दिवस औषध थांबवावे आणि पुन्हा सुरू करावे. बहुतेक घरांत उपचार फसतो तो येथेच. एक तर झोंबले म्हणून कायमचा सोडला जातो, नाहीतर दोन आठवड्यांत दाणा गेला नाही म्हणून. या उपचारास बारा आठवडे द्यावे लागतात, आणि तेवढ्यातही प्रत्येकाला यश येत नाही. २०११ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत बारा वर्षांवरील २४० रुग्णांपैकी काहींना ५० टक्के सॅलिसिलिक आम्ल घरी लावण्यास दिले आणि उरलेल्यांच्या चामखिळी दवाखान्यात द्रवरूप नायट्रोजनने गोठवल्या. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत पूर्ण बरे झालेल्यांचे प्रमाण सारखेच निघाले, अवघे १४ टक्के. तळपायाची कातडी जाड असल्याने येथील चामखीळ हट्टी असते, हे यातून दिसते. आणखी एक गोष्ट दिसते, ती पालकांनी ध्यानात घ्यावी. शहरात जाऊन, पैसे मोजून, दुखरा उपचार करून घेतल्याने घरच्या औषधापेक्षा अधिक गुण येईलच असे नाही. मूल सोसू शकत नसेल तर त्याला गोठवण्याच्या उपचारासाठी ओढून नेण्याची घाई करू नये.

चामखिळीवर नुसती चिकटपट्टी लावून ठेवण्याचा उपायही पुष्कळांनी ऐकला असेल. २००२ साली अमेरिकेतील एका छोट्या अभ्यासात त्याला चांगले यश आले आणि त्याचा फार गवगवा झाला. नंतर नेदरलँड्समध्ये शाळकरी मुलांवर झालेल्या अभ्यासात मात्र तिचा म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. पट्टी औषध जागेवर ठेवण्यास व चामखीळ झाकण्यास उपयोगी आहे. तिच्याकडून त्याहून अधिक अपेक्षा करू नये.

हे औषध सर्वांसाठी नाही, हे ठळकपणे सांगितले पाहिजे. स्मरणिका मुलांबरोबर घरी जाते आणि मुलासाठी आणलेली बाटली आजोबांच्या पायालाही लागते, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो. मधुमेह असलेल्यांनी, पायातील रक्ताभिसरण मंद असलेल्यांनी, ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. चेहरा, गुप्तांग, तीळ, जन्मखूण, उघडी जखम येथे ते कधीही लावू नये. आणि ज्याच्या तळपायाची संवेदना गेली आहे त्याला तर मुळीच लावू नये, कारण आम्लाने कातडी जळत असली तरी त्याला ते कळणार नाही.

ही संवेदनेची गोष्ट आपल्या भागात दुर्लक्षण्याजोगी नाही. कुष्ठरोग विदर्भातील व इतर काही जिल्ह्यांतून अद्याप गेलेला नाही, आणि पायाचा बधिरपणा हे त्याचे एक लक्षण असते. औषध सुरू करण्यापूर्वी मुलाला डोळे मिटण्यास सांगून कापसाची वात दोन्ही तळपायांवर ठिकठिकाणी हलकेच टेकवावी आणि कोठे स्पर्श झाला ते बोटाने दाखवावयास सांगावे. जाड कातडीवर स्पर्श कमी कळतो, तेव्हा आजूबाजूचा भाग व दुसरा पाय यांच्याशी तुलना करावी. एखादा भाग बधिर वाटला, किंवा तळपायाला न दुखणारी जखम असली, तर चामखिळीचा विषय बाजूला ठेवून मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. कुष्ठरोगाची औषधे तेथे विनामूल्य मिळतात आणि वेळेवर घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो. याशिवाय पू, वाढती सूज, ताप, पसरत जाणारा काळा डाग, पुन्हा पुन्हा रक्त येणे, किंवा दोन्ही पायांवर चामखिळींचे पुंजके होणे, यांपैकी काही दिसल्यासही घरगुती उपचार करीत बसू नये.

राहिला प्रश्न वसतिगृहाचा. विषाणूला ओली फरशी आवडते आणि आपल्या न्हाणीघरांची फरशी पहाटेपासून दहा वाजेपर्यंत ओलीच असते. भिजलेल्या पायांनी शंभर मुले त्याच जागेवर उभी राहतात. स्लिपर घालून आंघोळ करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मात्र स्लिपर प्रत्येकाची स्वतःची हवी, दारातून मिळेल ती पायात अडकवून जाण्याची सवय मोडली पाहिजे. टॉवेल, मोजे आणि बूट आपापले असावेत. आंघोळीनंतर पाय, विशेषतः बोटांच्या बेचक्या, कोरड्या पुसाव्यात. चामखीळ असलेल्याने ती चिकटपट्टीने झाकली म्हणजे कबड्डी, खो-खो, धावणे काहीही बंद करण्याचे कारण नाही. त्याला पंगतीत वेगळे बसवणे, त्याचे ताट वा अंथरूण बाजूला काढणे याला वैद्यकीय आधार काडीचाही नाही. एकत्र जेवल्याने, शेजारी बसल्याने, हात धरल्याने तळपायाची चामखीळ होत नाही. ज्या मुलाला बाजूला काढले जाईल तो पुढच्या वेळी पाय दाखवणार नाही, ब्लेड शोधेल. आमच्याकडे आता महिन्यातून एकदा नखे तपासताना तळपायही तपासले जातात. ते सगळ्यांचेच तपासले जातात, त्यामुळे कोणाला वेगळे वाटत नाही.

चामखीळ बरी झाली हे ठरवण्याची खूण तीच, जिने ती ओळखली. दाणा सपाट झाला, दुखणे थांबले, एवढ्यावर औषध बंद करू नये. तळाशी उरलेला थोडासा भाग पुन्हा वाढतो. पाय भिजवून, पुसून, उजेडात धरावा. काळे ठिपके उरलेले नसावेत आणि काठाशी तुटलेल्या त्या बारीक रेषा त्या जागेवरून पुन्हा सलग जाताना दिसल्या पाहिजेत. तशा त्या दिसल्या की औषध थांबवावे, आणि पुढे दोन-तीन महिने आठवड्यातून एकदा ती जागा पाहत राहावे.